मधले फोटो कुठायत?

गेल्या रविवारी साताऱ्याला एक पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाट गाडी, बघून आले. मला नव्हती घ्यायची, ऑफिसातल्या एका पोराला घ्यायचीय, त्याचं लग्न ठरलंय आणि वरात पद्मिनीतूनच काढायचीय म्हणे, आणि माझे अण्णा बत्तीस वर्षं टिंकर, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकणारे, होते हे त्याला कुठनं तरी कळलं, मग काय, "ताई, नुसतं बघायला चला ना". गेले. जाहिरात अशी: १९७८ मॉडेल, टॉप टू बॉटम रिस्टोर्ड, शोरूम कंडिशन, रेअर विंटेज, साडेसात लाख, टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये. आम्ही टाइमपासवालेच होतो खरं तर, पण केला फोन.

आधी त्या 'विंटेज'चं काय ते बोलून घेते. विलायतेत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, त्या हिशोबाने पद्मिनी म्हणजे कालचं पोर. आपल्या सरकारने २०२१ मध्ये नियम केला त्यात पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी विंटेज, पण ती मूळ रूपात पाहिजे, चॅसी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. मग वीस हजार भरून दहा वर्षांसाठी 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो. आणि ती गाडी रोज फिरवता येत नाही, धंद्याला लावता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची. आता हे सद्गृहस्थ आम्हाला काय सांगत होते, तर "रेअर विंटेज आहे, आणि लग्नाला भाड्याने दिली तरी दोन वर्षांत पैसे वसूल". एक तर तिची अजून पन्नाशी भरलेली नाही, आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाडं मारायचं कुठल्या कायद्याने? असो.

गाडी दिसायला फर्स्टक्लास होती हं. पिस्ता कलर, अशी चमकत होती की मी तिच्यात बघून केस नीट केले. पोरगं तर तिथेच पाघळलं. मी पहिला हात बॉनेटवर ठेवला, गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलेली. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं खरं रूप सकाळी थंड असताना दिसतं, चोक ओढून किती सेल्फला लागते, सुरू झाल्यावर मागून निळा धूर येतो का, हे गरम इंजिन सांगत नाही. म्हणून फोनवरच सांगायचं असतं की दादा आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. मी विसरले, चूक माझीच.

मग बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवत गेले. अण्णांची सवय, ते कुणाच्या लग्नाला गेले तरी पार्किंगमधल्या गाड्या वाजवत जायचे, आईला लाज वाटायची. चांगला पत्रा टण्ण वाजतो, खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की थप्प असा भिंतीसारखा आवाज. ह्या गाडीची दारं छान वाजली, मडगार्ड ठीक, आणि खाली उंबऱ्याला आले, म्हणजे दाराखालची ती लांब पट्टी, तिथे थप्प. पर्समध्ये फ्रीजवरचा गणपतीपुळ्याचा मॅग्नेट रुमालात गुंडाळून नेला होता, तो तिथे लावला तर बाप्पा खाली पडले. दुसऱ्या बाजूला पण पडले. मालक म्हणाले, "रंगाचे कोट जास्त दिलेत मॅडम". अहो रंग कितीही दिला तरी मॅग्नेट सुटून पडत नाही.

थोडी लांबी सगळेच लावतात, पत्रा कितीही चांगला ठोकला तरी शेवटचा बारीक हात लांबीचाच, त्यात फसवणूक नाही. पण पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसी नसते, बॉडी हीच चॅसी. उंबरा, फ्लोअर आणि खालचे बॉक्स यांच्यावर अख्खी गाडी उभी असते. तिथला कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायला आठवडे जातात, बाहेरून ते काम कुणाला दिसत नाही. लांबी थापायला एक दुपार पुरते. अण्णा म्हणायचे, पावडर लावून हाड जुळत नाही. मॅट उचलायला सांगितलं तर खाली डांबरासारखा काळा जाड कोट, ताजा. कोट वाईट नसतो पण खाली काय आहे ते झाकायला तो एकदम सोयीचा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती रंगाने बुजलेली, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत साठणार आणि दार आतून कुजणार. काचेच्या रबर बीडिंगवर पिस्ता रंगाची कड आलेली, याचा अर्थ काच न काढताच स्प्रे मारलाय. टॉप टू बॉटम म्हणे!

चालवून बघितली. स्टेअरिंगवरचा गिअर खिचडीत चमचा फिरवावा तसा फिरत होता, ब्रेक मारला की डावीकडे ओढत होती. हे मी फार मनावर घेतलं नाही, बुश, ब्रेकचं काम होऊन जातं, १०८९ सीसीचं ते साधं इंजिन कुठल्याही जुन्या मेस्त्रीला येतं. आरसी पुस्तकावरचा इंजिन नंबर मात्र ब्लॉकवरच्या नंबराशी जुळला नाही आणि रंगाच्या रकान्यात पांढरा लिहिलेला. बदलायला हरकत नाही हो, पण आरटीओत नोंद करायची, नाहीतर ट्रान्सफरच्या वेळी नव्या मालकाने हेलपाटे घालायचे.

शेवटी किमतीवर आलो. मालक म्हणाले माझा साडेपाच लाख खर्च झालाय, बिलं आहेत. मी म्हटलं दाखवा. मनापासून सांगते, गाडीपेक्षा बिलं वाचण्यासारखी होती. रंग एक लाख चाळीस, सीट आणि आतलं कापड पासष्ट हजार, अलॉय व्हील आणि टायर सत्तर, म्युझिक सिस्टीम पस्तीस हजार, आणि 'टिंकरिंग मजुरी' अठरा हजार. अठरा हजार! सत्तेचाळीस वर्षांच्या आसपासच्या, साताऱ्याचा पाऊस खाल्लेल्या गाडीचं पत्र्याचं काम अठरा हजारांत? मी विचारलं, काम चालू असतानाचे फोटो आहेत का, रंग उतरवून नागडा पत्रा केला तेव्हाचे? तर आधीचे होते, झाडाखाली उभी, पक्ष्यांनी घाण केलेली. नंतरचे तर दोनशे होते, सूर्यास्तात, घाटात, नऊवारीतल्या मुलीबरोबर. मधले नव्हते. "गॅरेजवाल्याकडे असतील".

माझं मत विचाराल तर हेच आहे. रिस्टोर्ड गाडीची किंमत मधल्या फोटोंवर ठरवावी. ज्याने खरंच काम करून घेतलंय तो माणूस ते कुजलेले उंबरे, कापलेला फ्लोअर, वेल्डिंगच्या रेघा न विचारता दाखवतो, कौतुकाने दाखवतो, कारण पैसे तिथेच गेलेले असतात. आणि बिल म्हणजे किंमत नव्हे. तुम्ही पस्तीस हजारांचा म्युझिक लावला तो तुमच्या कानांसाठी, मी का भरू? लोक स्पीकरला घासाघीस करत नाहीत आणि टिंकरला म्हणतात, दोनच तर भोकं आहेत, काहीतरी कमी करा. आमच्या घरी महिनाअखेर कशी जायची हे मला माहितीय, म्हणून याचा राग येतो, लपवत नाही.

बरं साडेसात लाख हा आकडा आला कुठून? तर दुसऱ्या एका जाहिरातीत सात लिहिलेले, त्याने तिसऱ्याची सहाची बघितलेली. तिकडे बाहेर लिलाव होतात तर हातोडा कितीला पडला ते सगळ्यांना कळतं, २०२२ मध्ये एक मर्सिडीज ३०० एसएलआर साडेतेरा कोटी युरोला गेली हे जगाला कळलं. आपल्याकडे पद्मिनी कितीला विकली गेली ते विकणारा सांगत नाही आणि घेणारा बायकोलाही सांगत नाही. त्यामुळे सगळे मागितलेले आकडेच एकमेकांना दाखवत बसतात. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि गावोगावच्या शेडमधल्या पद्मिन्यांचा भाव रात्रीत वाढला. तशी फियाटला वरचे पैसे मोजायची सवय जुनीच, एकेकाळी नव्या गाडीला वर्षानुवर्षं वेटिंग असायचं. पण तेव्हा निदान गाडी नवी मिळायची.

महाग म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात एक डुक्कर फियाट बघितली होती, ती उलट्या उघडणाऱ्या दारांची. मालकाने अख्खा अल्बम केलेला, कुठल्या पत्र्यावर कुणी काम केलं त्या कामगाराच्या नावासकट. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मला घाम फुटला पण त्यात एक रुपया कमी करा म्हणायची हिंमत झाली नाही. आणि परवा आमच्याच गल्लीत एका रिटायर्ड मास्तरांची १९८५ ची पद्मिनी निघाली, रंग विटलेला, मागच्या बंपरला पोचा, सीटवर आजीने विणलेली कव्हरं, पण उंबऱ्याला बाप्पा घट्ट चिकटले. अडीच लाख म्हणतायत. मी पोराला म्हटलं डोळे मिटून घे. तो म्हणतो, "ताई, फोटोत बरी नाही दिसणार".

साताऱ्याच्या गृहस्थांचा काल मेसेज आला, पावणेसातला देतो, फायनल. मी परत लिहिलं, मधले फोटो पाठवा. पाच मिनिटांत एक फोटो आला. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू.