खांदेरीचाही विचार व्हावा
तुमच्या लेखात सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत ग्रीकांनी इराण्यांवर इ.स.पू. ४८० मध्ये मिळवलेल्या विजयाचे श्रेय चिंचोळ्या सामुद्रधुनीला दिले आहे. ते अपुरे वाटते, कारण लढाई तिथेच व्हावी हा आग्रह अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीसचा होता. आपल्या मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटाचेही तसेच आहे; तिथेही जागा हेरणाऱ्याचे श्रेय विसरता येत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती रोखण्यासाठी जहाजे पाठवली. परंतु वारा पडला की ती जागीच खोळंबत आणि मराठ्यांच्या उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या नौका समोरच्या किनाऱ्यावरून रसद पोहोचवत राहत. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली. शेजारची उंदेरी मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावली, हेही नोंदवायला हवे.