सदस्यत्व नूतनीकरणाच्या ईमेलबाबत खुलासा

‘सदस्यत्वाचे नूतनीकरण झाले आहे, रद्द न केल्यास रक्कम वजा होईल’ अशा ईमेलला उत्तर न दिल्यास पैसे देणे कायद्याने बंधनकारक ठरते, असा संदेश बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात फिरत आहे. तो चुकीचा आहे. न मागितलेली सेवा केवळ गप्प राहिल्याने गळ्यात पडत नाही. कार्डावरून आपोआप वजावट होण्यासाठी ग्राहकाने आधी स्वतः मंजुरी नोंदवावी लागते आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक वजावटीची पूर्वसूचना किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडून येते. अशा ईमेलला संतापून उत्तर धाडल्यास आपला ईमेल पत्ता चालू असल्याचे मात्र पाठवणाऱ्याला कळते. खोटी निकड भासवणे ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या (‘डार्क पॅटर्न’) २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध असून, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.