वृद्धाश्रमातल्या औषधांची तक्रार आली की आधी गोळ्या मोजा

आजी म्हणतात, "मला रात्रीची गोळी दिलीच नाही." व्यवस्थापक म्हणतात, "त्यांना विसर पडतो हो." मुलगा दोघांच्या तोंडाकडे बघतो आणि तक्रार तिथेच मिटते. मला हे साफ नामंजूर आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची तक्रारसुद्धा तपासता येते, आणि तपासल्याशिवाय ती खोटी ठरवायचा हक्क कोणालाच नाही.

अर्थात, पेशंट सुस्त असेल, बरळत असेल किंवा घाम फुटला असेल तर चौकशी नंतर. आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. 70 च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

त्यानंतर पहिलं काम गोळ्या मोजण्याचं, तेही त्याच दिवशी आणि आधी कळवून न ठेवता. समजा 1 तारखेला बीपीच्या 30 गोळ्या जमा केल्या, रोज सकाळी एक. 12 तारखेच्या रात्री 18 उरायला हव्यात. 23 उरल्या तर पाच डोस चुकले. 14 उरल्या तर चार जास्तीच्या गेल्या, आणि त्या बऱ्याचदा शेजारच्या आजोबांच्या गोळ्या संपल्या म्हणून उसन्या दिलेल्या असतात. आता औषधांचा तक्ता उघडा, म्हणजे प्रत्येक डोस दिल्यावर कर्मचारी सही करतात तो कागद. शिल्लक 23 आणि तक्त्यात मात्र बाराही दिवसांच्या सह्या असतील तर त्यातल्या पाच खोट्या आहेत, याला दुसरा साक्षीदार लागत नाही. तक्ता ड्युटीच्या वहीशेजारी ठेवा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही त्याच सिस्टरची सही दिसते का? आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका दमात केल्यासारख्या वाटतात का? दोन्हींचे फोटो काढा. पाकिटांचेही काढा, बॅच नंबर आणि मुदत दिसेल असे. कापलेल्या पाकिटाच्या तुकड्यावर हे दोन्ही बहुधा नसतंच, म्हणून सुटे तुकडे स्वीकारणारी संस्था मला खटकते.

गोळ्यांचा हिशेब जुळला तरी तक्रार खोटी ठरत नाही. चूक प्रमाणात किंवा पद्धतीत असू शकते. इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे 40 युनिटची, म्हणजे दर मिलीलिटरमध्ये 40 युनिट असलेली बाटली सर्रास मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची. इन्सुलिन पेनची सुई संपली म्हणून पेनातल्या 100 युनिटच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 रेघांपर्यंत औषध ओढलं तर 20 ऐवजी 50 युनिट अंगात जातात. उलट अदलाबदलीत 20 ऐवजी आठच. तक्त्यावर दोन्ही वेळा '20' लिहून सही होते, म्हणून वापरलेली सिरिंज डोळ्यांनी बघायलाच हवी.

संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज दिली गेली तर जीव जाऊ शकतो. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून वरणात कालवतात, पण नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. हॉस्पिटलमधून परत आल्यावर तर दोन्ही चिठ्ठ्या चालू राहतात: बीपीची जुनी ॲम्लोडिपिन एका कंपनीची, नवी दुसऱ्या कंपनीची, औषध तेच. आजी चक्कर येऊन पडल्या की तक्रार होते 'पडल्या' अशी, औषधाकडे कोणी बघतच नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि तक्ता ओळीने ताडून बघा, कंपनीचं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव वाचत.

कोणी कायम झोपेत असेल तर अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, क्वेटियापिन या गुंगी आणणाऱ्या औषधांची चिठ्ठी मागा. पहिली दोन शेड्यूल एच1 मधली, म्हणजे विक्रीची कडक नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतली. विकताना केमिस्टने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध व संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. चिठ्ठी नसेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. रात्री शांतता हवी म्हणून माणसाला गुंगीत ठेवणं हा छळ आहे, आणि मी त्याला छळच म्हणेन.

कर्मचाऱ्यांशी एकेकट्याने बोला. "गोळी दिली का?" याला उत्तर 'हो' असंच येतं. त्यापेक्षा "रात्रीची औषधं कशी देता, करून दाखवा" म्हणा आणि एक फेरी शेवटपर्यंत बघा. गोळ्या आधीच वाट्यांत काढून ठेवल्यात का? गिळेपर्यंत कोणी थांबतं का? सही तिथेच होते की शेवटी सगळ्यांची एकदम? तीस जणांमागे रात्री एकच मावशी असेल तर चुका होणारच. अशा वेळी मावशीला काढून टाकून तक्रार 'निकाली' काढणारा मालक मूळ दोष झाकतो.

रक्ताच्या चाचण्यांचा आधार घ्या, पण जपून. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन चुकत असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, काही दिवसांत बोलतो. थायरॉईडच्या टीएसएचला बदलायला सहा आठवडे लागतात, गेल्या आठवड्यातली चूक त्यात दिसणार नाही.

दाद कुठे मागायची यात फार गोंधळ असतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं न्यायाधिकरण मुख्यतः निर्वाहाचे आणि मालमत्तेचे दावे बघतं, औषधांच्या हलगर्जीचे नाही. पैसे भरून सेवा घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षं, आणि सेवेपोटी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. तक्ता, चिठ्ठ्या आणि ड्युटीची वही यांच्या प्रती मात्र पहिल्याच दिवशी लेखी मागा, पोच घ्या. तक्रारीनंतर आजींची खोली बदलली, फोन बंद केला, असं काही झालं तर तेही तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढचा महिनाभर दर आठवड्याला न सांगता जाऊन गोळ्या पुन्हा मोजा.