जर्मन घड्याळात खोबरेल घालायला सांगणारा तो मेसेज

'तुमच्या घरात टोल्यांचं जुनं जर्मन घड्याळ आहे? मग तुम्ही लखपती आहात!' असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्याचं सांगणं थोडक्यात असं: मागच्या पितळी पत्र्यावर डी.आर.जी.एम. असेल तर घड्याळ हिटलरच्या सैन्यातलं. तिथला दोन आकडी नंबर म्हणजे साल, १४ म्हणजे १९१४. बंद पडलं तर आत खोबरेल सोडा, नाहीतर रॉकेलने धुवा. चावी पूर्ण देऊ नका, स्प्रिंग तुटते. काटे कसेही फिरवा, चालतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्तीनं हे वाचलं आणि मामांनी हौसेनं घेतलेल्या घड्याळात नातवाकडून खोबरेल ओतून घेतलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी तेलाचंच बोलू, कारण बाकीच्या थापांनी गैरसमज होतो, तेलानं घड्याळ मरतं. या घड्याळात दोन पितळी पत्रे असतात आणि चाकांच्या पोलादी दांड्यांची टोकं त्या पत्र्यांतल्या भोकांत फिरतात. भोकाभोवती बारीकशी वाटी कोरलेली असते. घड्याळाच्या खास तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब त्या वाटीत टिकून राहतो, तेवढाच लागतो. जास्त घातलं की ते ओघळतं आणि ओघळताना जागेवरचं तेलही ओढून नेतं. म्हणजे तेल ओतल्यामुळेच भोक कोरडं पडतं! चाकांच्या दातांना तर तेल लावायचंच नसतं. तिथं धूळ चिकटते, धूळ आणि तेलाचा लगदा पॉलिश पेपरसारखा धातू खात राहतो.

त्यात खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाकघरातली बाटली उन्हात ठेवावी लागते, मग घड्याळाच्या आत काय होत असेल? शिवाय खायची तेलं हवेनं चिकट होत जातात. गंज सोडवायचे स्प्रेही मारू नका. जुना चिकटा त्यानं सैल होतो, घड्याळ चार दिवस चालतं आणि लोकांना वाटतं जमलं.

रॉकेलच्या बाबतीत अर्धी गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करतो. जुने घड्याळजी रॉकेल वापरायचे, पण मशीन पूर्ण खोलून. एकेक चाक धुऊन, पुसून, भोकं काडीनं साफ करून, मग नवं तेल. बंद मशीनवर रॉकेल ओतणं म्हणजे घाण एका भोकातून दुसऱ्यात ढकलणं. आणि हौस म्हणून मशीन घरी खोलू नका. चावी भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फुटतात.

आता हिटलर. डी.आर.जी.एम. ही जर्मनीतल्या छोट्या शोधांच्या नोंदणीची खूण आहे आणि त्या नोंदणीचा कायदा १८९१ चा. डी.आर.पी. असेल तर ते पेटंट, त्याचा कायदा १८७७ चा. हिटलर सत्तेवर आला १९३३ साली. एवढ्यावर हा मुद्दा संपतो. लष्कराचा त्या अक्षरांशी काही संबंध नाही. 'मेड इन जर्मनी' हे शब्दसुद्धा १८८७ च्या ब्रिटिश कायद्यामुळे मालावर आले, आणि 'वेस्ट जर्मनी' असेल तर घड्याळ १९४९ ते १९९० मधलं, मग विकणारा त्याला कितीही 'शंभर वर्षांचं' म्हणू दे.

दोन आकडी नंबर बहुतेकदा लंबकाची सेंटिमीटरमधली लांबी असते आणि शेजारचा मोठा आकडा मिनिटाला पडणारे ठोके. १४ सेंटिमीटरचा लंबक मिनिटाला साधारण १६० ठोके देतो. गणित करून बघा, जुळतं. हां, युंगहान्स कंपनीच्या काही मशीनवर ए किंवा बी आणि पुढे दोन आकडे असतात, ते मात्र साल असतं: ए ०७ म्हणजे १९०७ ची पहिली सहामाही. पण आधी कंपनी ओळखायला हवी. आठ टोकांचा तारा आणि आत जे, ते युंगहान्स. एकमेकांवर आडवे दोन बाण, ते हॅम्बुर्ग-अमेरिकन. गुस्ताव बेकरच्या शिक्क्यात मुकुट आणि जहाजाचा नांगर दिसतो.

चावी पूर्णच द्यायची, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, हात अडेपर्यंत. 'जास्त चावी दिल्यानं बंद पडलं' असं म्हणतात ते घड्याळ जवळजवळ नेहमी सुकलेल्या तेलानं अडलेलं असतं. चावी हातातून सटकू मात्र देऊ नका.

काटे पुढेच फिरवा, मिनिटकाट्यानं, प्रत्येक टोला पूर्ण होऊ देत. काही नंतरच्या मशीनना उलटं चालतं, पण आपलं त्यातलं आहे हे कळेपर्यंत नको.

जुनं घड्याळ विकत घेणार असाल तर मागचं दार उघडून बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या वस्तूही बाजारात येतात. टोल्यांच्या सळ्यांवर गंज, पेटीच्या तळाशी फुगलेलं लाकूड, पत्र्यावर मातीची रेघ दिसली तर पैसे देऊ नका.