क्रांती झाली, आता सामान बांधा

तुमच्या मनात एखादा देश स्वतंत्र करायचा विचार असेल, तर शिकवणी आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या फ्रेलिमो पक्षाकडेच लावा. आपल्याला हा देश तूरडाळीच्या आयातीपुरताच आठवतो, पण तिथे शिकण्यासारखं बरंच आहे. १९६२ साली परमुलखात, दार-ए-सलामला स्थापना, मग पोर्तुगीज राजवटीशी जंगलात दहा वर्षं लढाई आणि १९७५ साली सत्ता. ती आजतागायत सुटलेली नाही.

खुर्ची मिळाली की आधी जाणाऱ्यांचं सामान मोजा. गृहमंत्री अर्मांदो गेबुझा यांनी नकोशा पोर्तुगीजांना २४ तास आणि २० किलोंची मुभा दिली. तराजू मग माळ्यावर टाका. पुढे हेच गेबुझा देशातले बडे उद्योगपती झाले, राष्ट्राध्यक्षही झाले.

शत्रूचं चित्रही काढून ठेवा. फ्रेलिमोने ‘शिकोन्योका’ नावाचं व्यंगचित्र गावोगाव पोचवलं: साठेबाज, दारुडा, लाच खाणारा बाबू. नावातल्या ‘न्योका’चा अर्थ साप. चित्र नीट जपा, पुढे आरसा घ्यायला नको.

१९७७ साली मार्क्स-लेनिनची दीक्षा घ्या, १९८९ साली गुपचूप सोडा. रस्त्यांना मात्र हात लावू नका. राजधानी मापुतोत कार्ल मार्क्स आणि लेनिन अजून हमरस्ते आहेत. पाटीला काय, पगार द्यावा लागत नाही.

आता मासे. २०१३-१४ मध्ये ट्यूना पकडायच्या आणि किनारा राखायच्या नावाखाली सुमारे २ अब्ज डॉलर कर्ज काढलं गेलं. बरंचसं संसदेच्या कानावर न घालता, उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर! मासेमारीच्या २४ बोटी आल्या आणि मापुतोच्या धक्क्याला गंजत उभ्या राहिल्या. २०१६ साली बिंग फुटलं, मदत देणाऱ्यांनी हात आखडले. गेबुझांच्या मुलाला १२ वर्षांची शिक्षा झाली, माजी अर्थमंत्री न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरले. एवढं चालायचंच.

निवडणूक जरूर घ्या. २०२४ साली आयोगाने फ्रेलिमोच्या उमेदवाराला ७० टक्क्यांवर मतं दिली, निकालावर शिक्का मारणाऱ्या घटना परिषदेने ती ६५ वर आणली. पाच टक्के परत करायलाही मन मोठं लागतं. लोक तरी रस्त्यावर उतरले, गोळ्या झेलल्या, रात्री खिडक्यांतून पातेली बडवू लागले.

असा आवाज आला की खिडकी लावून घ्या आणि माळ्यावरचा तराजू काढून आपलीच बॅग एकदा तोलून बघा. बोटी त्यात बसत नाहीत, आधीच सांगून ठेवतो.