चोर सोडून संन्याशाला फाशी

आज बेब्लेडच्या, म्हणजे एकमेकांना धडकणाऱ्या खेळण्यातल्या भोवऱ्यांच्या, स्पर्धेत एका पोराला बाद केलं. कारण? ‘बिट घासलाय.’ बिट म्हणजे भोवऱ्याचं खालचं टोक. साधा फ्लॅट (सपाट) बिट, खेळून खेळून कडा गोल झालेली. आणि त्याच्या आधीच्याच फेरीत ब्लेडला आतून शिशाची पट्टी चिकटवणाऱ्याचं ‘काय डोकं लावलंय!’ म्हणून कौतुक. वा रे न्याय!

कस्टम म्हणजे काय ते एकदा ठरवा ना. बेब्लेड एक्स या आताच्या पिढीचे मुख्य भाग तीन: वरचं ब्लेड, मधलं रॅचेट, खालचा बिट. ३-६० रॅचेट काढून ९-६० लावलं, फ्लॅटच्या जागी गोल टोकाचा बॉल बिट लावला, हे कस्टम. तीन बेंच्या (भोवऱ्यांच्या) डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या संचात, एकच भाग दोनदा चालत नाही, म्हणून तर जोडणीला डोकं लागतं. पण भागाला कानस लावली, आत वजन भरलं, थ्रीडी प्रिंटरवर घरचं रॅचेट छापलं, की संपलं. तो भाग मग तो राहतच नाही.

‘एका ग्रॅमने काय होतंय?’ म्हणे. अहो, इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. मध्यापासून २० मिमीवरचा १ ग्रॅम १० मिमीवरच्या ४ ग्रॅमइतकं काम करतो. बे जास्त वेळ फिरते, स्पिन फिनिशचा, म्हणजे शेवटपर्यंत फिरत राहण्याचा, गुण आयता खिशात. रॅचेटच्या सांध्यात सुपरग्लूचा ठिपका टाकला तर बे फुटतच नाही, म्हणजे समोरच्याचे बर्स्टचे (बे फोडण्याचे) २ गुण गेले. आणि ती पट्टी धडकेत सुटून कुणाच्या डोळ्यात गेली तर? याचा विचार कोण करणार?

हो, बेब्लेडचा पूर्वज जपानचा बेगोमा. तो ओतीव लोखंडाचा, आणि पोरं तो घासूनच बुटका करायची. मान्य. पण तिथे घासणं उघड होतं, सगळेच घासायचे.

त्या पोराचा बिट कुणी उजेडात तरी धरायचा! खेळून झिजलेल्या टोकाला सगळीकडून सारखी चकाकी येते, बारीक गोल रेघा दिसतात. हाताने पॉलिश पेपरवर घासलं तर सरळ, आडव्या रेघा. (ड्रिलला लावून घासला तर गोल रेघाही पाडता येतात, ठीक आहे.) पण मुळात गोल कडेच्या फ्लॅटचा फायदा काय? सपाट भाग कमी टेकतो, बे आधीसारखी पळत नाही, एक्स्ट्रीम लाइनपर्यंत (रिंगणाच्या कडेच्या वेग देणाऱ्या दातेरी पट्टीपर्यंत) पोचली तरी जोर नसतो. हल्ल्याच्या बेला हा तोटाच झाला की! बिचाऱ्याला कुणीतरी एवढंच म्हणायचं होतं, ‘हा घे नवा फ्लॅट, लाव आणि खेळ.’ अर्ध्या मिनिटाचं काम. झीज असो नाहीतर कानस, नव्या भागाने प्रश्नच मिटतो.

आरडाओरडा झाल्यावर तपासू नका, पहिल्या फेरीआधी तपासा. बे सुटी करून तिन्ही भाग टेबलावर. ब्लेड उलटं करून आतून बघायचं, सांध्यावरून नख फिरवायचं. ०.०१ ग्रॅमचा काटा ठेवा, पण निकाल फक्त काट्यावर देऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन कोऱ्या ब्लेडांतही थोडा फरक निघतो.

आज काटा टेबलावरच होता. शिशावाल्याचं ब्लेड कुणी उलटं करून पाहिलंसुद्धा नाही.