तलाठी, सर्कल आणि कस्टम फील्ड

वाळूजच्या आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की रेडमाईनमध्ये तक्रार टाकायची, असा नियम आहे. रेडमाईन हे तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००६ पासून चालत आलंय आणि त्यात हवी ती कस्टम फील्डं, म्हणजे आपल्या मर्जीचे रकाने, जोडता येतात. ही शेवटची सोय साहेबांच्या कानावर कुणी घातली, त्याला मी अजून शोधतोय.

मेंटेनन्सला 'बिघाडाचं कारण' हवं होतं. पहिला पर्याय 'लाइट गेली', दुसरा 'लाइट येऊन गेली'. ही दोन कारणं वेगळी आहेत यावर आमचे लातूरचे फोरमन ठाम. स्टोअरला पार्ट नंबर पाहिजे, क्वालिटीला शिफ्ट. मग साहेब म्हणाले, कारण लाइटचं असेल तर पार्ट नंबर दिसायलाच नको. त्यासाठी एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं. पुढच्या मीटिंगला म्हणाले, बंद वेळेचा हिशेब आपोआप झाला पाहिजे. त्यासाठी दुसरं. दोन्ही एकेकटी गुणी. एकत्र नांदवली आणि तक्रार सेव्ह करताच पडद्यावर 'इंटर्नल एरर', लॉगमध्ये 'स्टॅक लेव्हल टू डीप', म्हणजे हाकेवर हाक साचून त्यांची जागा, स्टॅक, भरली.

खोदून पाहिलं, तर दोघांनी रेडमाईनच्या एकाच मेथडवर, म्हणजे एक ठरलेलं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, हात टाकलेला. एक नव्या वळणाचं, 'प्रीपेंड'वालं: ते मूळ मेथडच्या पुढं जाऊन बसतं आणि आपलं काम झालं की मागच्याला हाक मारतं. दुसरं जुन्या वळणाचं: 'अलायस मेथड चेन' लावून मूळ मेथड वेगळ्या नावानं बाजूला ठेवतं अन् तिच्या जागी स्वतः बसून तिला हाक मारतं. आता नवं आधीच येऊन बसलेलं असेल, तर जुनं त्यालाच 'मूळ' समजून बाजूला ठेवतं. मग फेरफाराला गेलेल्या माणसाची गत. तलाठी म्हणतो सर्कलकडं जा, सर्कल म्हणतो तलाठ्याकडं. माणूस निदान ऑफिस सुटलं की घरी जातो. रेडमाईन जिच्यात लिहिलंय ती रुबी भाषा बिचारी स्टॅक भरेपर्यंत हेलपाटे घालते.

क्रम उलटा केला की भांडण मिटतं. पण रेडमाईन प्लगिनं लोड करतं ती फोल्डरच्या नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमानं. मग बदला की फोल्डरचं नाव! तर ते प्लगिनच्या आतल्या ओळखीशी जुळलं नाही म्हणून रेडमाईन उठायलाच तयार नाही.

रेडमाईन ज्या रेल्सच्या सांगाड्यावर उभं आहे, त्याच्या ५.१ आवृत्तीतून ती जुनी रीत काढून टाकली आणि डिसेंबर २०१८ मध्ये रेडमाईन ४.० आलं ते रेल्स ५.२ वर. वाटलं, सुटलो. तर काही प्लगिनवाल्यांनी त्याच कामाच्या दोन ओळी हातानं लिहून टाकल्या!

दोन्ही प्लगिनवाल्यांना कळवलं. दोघांचं उत्तर एकच: आमचं एकट्याचं चालतं. यावर वाद घालायला जागाच नाही.

फोरमन आले. "कामून ओ, तक्रार घेईना हे?"

"प्लगिनं भांडायलीत."

"मग ह्याची तक्रार कुठं टाकायची?"

प्रश्न साहेबांपर्यंत गेला. त्यांनी तिथल्या तिथं तोडगा काढला: तक्रारीचं सॉफ्टवेअर किती वेळ बंद होतं, याचं एक नवीन फील्ड.